लंडन, न्यू यॉर्क आणि घाटकोपर

तर झालं असं की येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला दहा वर्षं होतील. या वेळी परदेशात जायचं हे नक्की. कुठल्या शहरात, यावर गाडी अडली होती. मी पेशाला जागून एक्सेल शीट केली. लंडन, पॅरिस, इस्तंबूल, सिंगापूर. कॉलम : तिकीट, व्हिसा, थंडी, शाकाहारी जेवण. प्रत्येकाला गुण दिले, बेरीज केली, लंडन पहिलं आलं. बायकोने एक नजर टाकली, "छान आहे" म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. दहा वर्षांत एवढं कळायला लागलंय की हे 'छान' म्हणजे छान नव्हे.

मग विकांताला आपला नेहमीचा उद्योग. शहर सोडून इतिहास वाचत बसलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की नवराबायकोने बसून परदेशातलं शहर निवडणं ही चैन अगदी परवा-परवाची आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला वैद्यकी शिकायला निघाल्या तेव्हा समुद्र ओलांडणं हेच पाप होतं. गोपाळराव पोस्टात नोकरीला, त्यांना बरोबर जाता आलं नाही. त्या एकट्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. गोपाळराव नंतर पोचले. १८८६ मध्ये पदवी मिळाली, दोघं परतले आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वय बावीससुद्धा नव्हतं.

धर्माचा अडसर सुटला तोवर सरकारचा आला. साठ-सत्तरच्या दशकात परदेशी निघालेल्या माणसाच्या खिशात सरकारमान्य परकीय चलन किती? आधी तीन पौंड, पुढे आठ डॉलर! त्यात हौसेची सहल कसली डोंबलाची. पु. ल. आणि सुनीताबाई युरोप फिरून आले, त्यावरचं 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपात आलं आणि ज्यांना जाणं शक्य नव्हतं अशा घरांनी ते वाचूनच लंडन-पॅरिस केलं. १९९१ च्या जुलैत तर देशाने सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून विमानाने बाहेर पाठवलं, याच मुंबईतून. सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलर फारशी विचारपूस न होता बाहेर नेता येऊ लागले ते २००४ पासून. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे माझ्या शीटचं वय फार तर वीस-बावीस वर्षं.

इथवर सगळं ठीक होतं. लंडनमध्ये काय बघायचं याची यादी करताना १०, किंग हेन्रीज रोड हा पत्ता आला आणि मी अडकलो. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून तिथे राहायचे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेऊन स्मारक केलं. मराठी माणसाने जावं अशीच जागा. पण मी सवयीने तारखा जुळवायला लागलो.

बाबासाहेबांचं आणि रमाबाईंचं लग्न १९०६ चं, भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. जुलै १९१३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये तिथून लंडन. १९१७ च्या ऑगस्टमध्ये परत, कारण शिष्यवृत्ती संपली. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२३ च्या एप्रिलात परत. आता बेरीज करा. १९१३ ते १९२३ या दहा वर्षांतली जवळपास सात वर्षं नवरा समुद्रापलीकडे आणि बायको इथे, अपुऱ्या पैशात घर चालवतेय. पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले. पुढे गोलमेज परिषदांसाठी ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हाही रमाबाई मुंबईतच होत्या. २७ मे १९३५ ला दादरच्या राजगृहात त्या वारल्या.

त्यांना स्वतःला कुठे जायचं होतं? पंढरपूरला! बाबासाहेबांनी नकार दिला. ज्या देवळात आपल्याला लांबूनच हात जोडावे लागतात तिथे कशाला जायचं, आपण दुसरी पंढरी उभारू, असं त्यांचं म्हणणं. ते देऊळ सर्वांना खुलं झालं १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. रमाबाई जाऊन बारा वर्षं झाली होती.

'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी नंतर रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केला. नवऱ्याला मोठं करणाऱ्या बाईचं ऋण त्यांनी असं जाहीर मांडलं.

रमाबाईंच्या नावाची वस्ती आमच्या पंतनगरहून जवळच आहे. घाटकोपर पूर्वेला, हायवेला लागून माता रमाबाई आंबेडकर नगर. ११ जुलै १९९७ ला तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसं मेली. मी ऑफिसला जाताना रोज तिथून जातो. नाव हजारदा वाचलंय. ही बाई कोण, नवरा लंडनात असताना तिचे दिवस कसे गेले असतील, हा विचार एकदाही केला नव्हता.

आणि मग उगाच आमचाही हिशेब डोळ्यांपुढे आला. कुठे त्या दोघांचं आयुष्य आणि कुठे आमचं, तुलना करायची माझी लायकी नाही. पण बेरीज-वजाबाकी तीच. मी कंपनीच्या कामाने आधी अकरा महिने न्यू जर्सीला, मग सात महिने लंडनला. ऑनसाइट! घरात पेढे वाटले होते. मुलगी तेव्हा लहान. तिचा ताप, राजावाडी हॉस्पिटलच्या फेऱ्या, पाण्याची वेळ, स्वतःची नोकरी, सगळं बायकोने एकटीने केलं. मी रात्री व्हिडिओ कॉलवर टेम्सचा पूल दाखवायचो. "छान आहे," ती म्हणायची. तिचा पासपोर्ट अजून कोरा आहे. आणि आमच्या शीटमध्ये पहिलं काय आलं? लंडन. कारण गुण मी दिले होते.

रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. म्हटलं, "मी सगळे आकडे पुसलेत. आता तू भर."

"अरे, आकडे कशाला?" ती म्हणाली. "लंडन तुला पाठ आहे. तू पुढे चालणार आणि मी मागून फोटो काढणार. मला असं शहर हवं जिथे तूही पहिल्यांदाच जाशील. हरवलो तर दोघं हरवू."

"म्हणजे कुठलं?"

"लिस्बन. ट्रामचे फोटो बघून ठेवलेत मी."

ते कधी बघितले, विचारायची हिंमत झाली नाही.

आता राहवत नाही म्हणून एक तळटीप. १६६१ च्या तहात पोर्तुगालने आपली राजकन्या इंग्लंडच्या राजाला दिली, तेव्हा मुंबई बेट हुंड्यात दिलं होतं. हे मी मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितलं. घाटकोपर मात्र साष्टीत, ते हुंड्यात गेलं नव्हतं, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "बरं झालं. आता व्हिसाची अपॉइंटमेंट घे."

असो. घेतोय.