बागेतील एकिनेशिया : गवताळ प्रदेशातील एका औषधी वनस्पतीचा इतिहास

बागेत लावण्यासाठी तुम्ही एकिनेशियाचे बी विकत घेतले, तर पाकिटात बहुधा एकिनेशिया पर्प्युरिया या जातीचे बी असते. सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातील हे बहुवर्षायू रोप आहे. फुलाच्या मध्यभागी काटेरी शंकू असतो आणि त्याभोवती जांभळट पाकळ्या असतात. सर्दीवरचे औषध म्हणून ही वनस्पती जगभर विकली जाते. मात्र ज्या लोकांनी एकिनेशियाचा औषधी उपयोग प्रथम ओळखला, त्यांची मुख्य वनस्पती ही नव्हती. हा बदल कसा झाला आणि त्यातून इतिहासाच्या साधनांबद्दल काय समजते, हे या टिपणात पाहू.

प्रेअरीतील मूळ

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी प्रेअरी हा विस्तीर्ण गवताळ प्रदेश आहे. तेथील कोरड्या माळांवर एकिनेशिया अंगुस्टिफोलिया ही अरुंद पानांची जात वाढते. तिचे सोटमूळ जमिनीत खोल जाते. ते चघळले की जीभ बधिर होते. लाकोटा, पॉनी, ओमाहा, शायेन इत्यादी समाज हे मूळ दातदुखी, कीटकदंश आणि सर्पदंश यांवर वापरत असत. हे ज्ञान लिखित नव्हते. ते तोंडी आणि प्रत्यक्ष वापरातून पुढच्या पिढीकडे जाई.

नेब्रास्कातील औषध

1862 च्या होमस्टेड कायद्यानंतर या प्रदेशात गोऱ्या वसाहतवाल्यांची संख्या वेगाने वाढली आणि प्रेअरी नांगराखाली आली. नेब्रास्का राज्यातील पॉनी सिटी या गावात मायर नावाचा जर्मन वंशाचा औषधविक्रेता 1870 च्या दशकात एकिनेशियाचे 'रक्तशुद्धी'चे औषध विकत होता. गावाला नाव होते पॉनी समाजाचे. पण त्याच दशकात पॉनी लोकांना नेब्रास्का सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. एका बाजूला समाज आपल्या भूमीपासून तुटत होता, तर दुसऱ्या बाजूला त्याच भूमीतील मुळाची बाटली बाजारात येत होती.

मायरने सिनसिनाटी येथील वैद्य जॉन किंग आणि औषधतज्ज्ञ जॉन उरी लॉईड यांच्याशी पत्रव्यवहार केला. औषधाची खात्री पटवण्यासाठी आपण खुळखुळ्या सापाचा दंश करून घेऊ, अशी तयारीही त्याने दाखवली. ती कोणी स्वीकारली नाही. 1887 मध्ये किंग यांनी या वनस्पतीविषयी लिहिले आणि पुढे लॉईड बंधूंच्या कंपनीने तिची औषधे मोठ्या प्रमाणावर विकली. मेल्विन गिलमोर यांचा मिसूरी नदीच्या प्रदेशातील मूळ रहिवाशांच्या वनस्पतीवापरावरील ग्रंथ मात्र 1919 मध्ये आला. म्हणजे आधी बाटली छापील जाहिरातीसह आली आणि ज्ञानाच्या मूळ धन्यांची सविस्तर नोंद नंतर झाली.

बियाण्यांची अदलाबदल

1930 च्या दशकाच्या अखेरीस गेरहार्ड माडाउस हे जर्मन औषधनिर्माते अमेरिकेतून अंगुस्टिफोलियाचे बी घेऊन गेले. उगवले तेव्हा ते पर्प्युरियाचे निघाले. तीच जात जर्मनीत लावली गेली आणि पुढचे बरेचसे युरोपीय संशोधन तिच्यावरच झाले. बागेच्या दृष्टीने ही जात सोयीची होती. तिची मुळे तंतुमय असतात, बी सहज रुजते आणि रोप लवकर फुलते. अंगुस्टिफोलियाच्या बियांना मात्र रुजण्यापूर्वी बराच काळ ओल आणि थंडी लागते. लागवडीतली ही सोय आणि एक चूक, या दोन्हींनी आज तुमच्या पाकिटात कोणती जात असेल हे मोठ्या प्रमाणात ठरवले.

पुरावा कोणाचा?

भारतातील एका उदाहरणाशी याची तुलना करा. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित संदर्भ पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. येथे कागद उपयोगी पडला. ज्यांचे ज्ञान कागदावर नव्हते, त्यांना असा पुरावा देणे अवघड होते. म्हणून 'या औषधाचा शोध कोणी लावला?' असे विचारल्यावर छापील साधनांत प्रथम दिसणारे नाव हेच उत्तर मानू नका. ते नाव शोधकाचे नसून नोंद करणाऱ्याचे असू शकते.

एक सावधगिरी आवश्यक आहे. परंपरेचा आदर करणे म्हणजे प्रत्येक दावा खरा मानणे नव्हे. सर्दीवर एकिनेशियाचा उपयोग होतो, याबाबतचे आधुनिक प्रयोगांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. सर्पदंशावर प्रतिविष हाच उपचार आहे. त्यासाठी रुग्णालयातच जावे. शेवंतीच्या कुळातील वनस्पतींची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी एकिनेशिया पोटात घेऊ नये.

स्वाध्याय : तुमच्या घराच्या अंगणात किंवा कुंडीत असलेली एक औषधी वनस्पती निवडा. तिचा उपयोग घरात कोणी कोणाला सांगितला, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. मग तिच्याविषयीची सर्वांत जुनी छापील नोंद शोधा. या दोन्हींत कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, याची तुलना करा.