न आलेल्या मासळीवरची उचल : भारतीय चित्रपटाला पैसा कोणी पुरवला?

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात. १६७९ मध्ये याच खांदेरीवरून मराठे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात झुंज झाली, हे इतिहासप्रेमींना ठाऊक असते. त्या बेटांभोवती फिरणाऱ्या होड्यांच्या हिशेबाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

कोकण किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या एका ठरावीक रीतीने चालत आला आहे. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचा पगार हा सारा खर्च मासळी हाती येण्यापूर्वीच करावा लागतो. नाखव्याजवळ तेवढी रोकड नसते, म्हणून व्यापारी हंगामापूर्वी उचल देतो. त्या बदल्यात मासळी त्यालाच आणि बहुधा तो म्हणेल त्या दराने विकावी लागते. अशा व्यवहारात व्याज कागदावर दिसत नाही. ते दरात मुरलेले असते.

थळच्या उत्तरेला, खाडीपलीकडे जी मुंबई आहे, तिथला चित्रपटधंदा अनेक दशके जवळजवळ याच करारावर उभा होता. अजून न बनलेल्या चित्रपटावर पैसा द्यायचा आणि तो बनल्यावर त्याच्या कमाईवर पहिला हक्क सांगायचा. ही उचल कोण देत होते आणि तिच्या अटी काय होत्या, यावर कोणती कथा पडद्यावर येणार हे पुष्कळदा ठरले.

आरंभ अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून होतो. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या आरंभी लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि काही आठवड्यांत परतले. यंत्र आले तरी चित्रपटासाठी भांडवल नव्हते, आणि जी वस्तू या देशात कोणी बनवलेलीच नाही तिच्यासाठी कर्ज तरी कोण देणार?

फाळक्यांनी यावर काढलेली युक्ती आजही थक्क करते. कुंडीत वाटाणा पेरून त्याला कोंब फुटल्यापासून वेल होईपर्यंतची वाढ त्यांनी थोडी थोडी करून चित्रित केली आणि तो छोटा चित्रपट यशवंत नाडकर्णी यांना दाखवला. नाडकर्णी हे छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी. दिवसांची वाढ क्षणांत होताना पाहून त्यांनी पैसे देण्याचे मान्य केले. भारतीय चित्रपटाचे पहिले तारण म्हणजे पडद्यावर वाढणारी एक वेल, असे म्हणायला हरकत नाही.

ते पैसे पुरेसे नव्हते. सरस्वतीबाई फाळक्यांचे दागिने गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, त्यामागे विमा पॉलिसी, व्यापाऱ्याचे कर्ज आणि स्त्रीधन असे तीन प्रकारचे पैसे होते. बँक त्यात कोठेही नव्हती.

कोल्हापुरातही असेच घडले. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला प्रारंभीचे भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. चित्रपटाच्या इतिहासात दिग्दर्शकांवर प्रकरणे लिहिली गेली. ज्या दोन स्त्रियांच्या पैशाशिवाय मराठी माणसाचा कॅमेरा फिरला नसता, त्यांच्या वाट्याला मात्र एखादी ओळच आली.

भांडवल देणारा आणि कलावंत यांच्यातील ताणही त्याच काळात दिसू लागला. पाच भांडवलदारांच्या भागीदारीत १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. हिशेब मागणारे भागीदार आणि मनाजोगा खर्च करू पाहणारे फाळके यांचे बिनसले, फाळके काशीला निघून गेले, तेथे त्यांनी नाटक लिहिले आणि पुढे पुन्हा कंपनीत आले. हे भांडण पुढील शंभर वर्षे वेगवेगळ्या नावांनी होत राहिले.

दोन्ही पक्षांना एकाच छताखाली आणण्याचा यशस्वी प्रयोग 'प्रभात'ने केला. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या या कंपनीत विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे तंत्र जाणणारे होते, तर पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी यांच्याकडे पैसा होता. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. कलावंत मासिक पगारावर, स्टुडिओ स्वतःचा, आणि एका चित्रपटाच्या उत्पन्नातून पुढच्या चित्रपटाचा खर्च. 'संत तुकाराम' (१९३६) ज्या शांतपणे घडवला गेला, तो शांतपणा या व्यवस्थेने दिला होता.

१९३४ मध्ये मालाडला उभ्या राहिलेल्या बॉम्बे टॉकीजचा मार्ग निराळा होता. ती भागभांडवलाची मर्यादित कंपनी होती. तिच्या संचालक मंडळावर मुंबईचे प्रतिष्ठित उद्योगपती होते आणि ती भागधारकांना लाभांश देत असे. चित्रपटधंदा कापडगिरणीप्रमाणे चोख हिशेबाने चालू शकतो, याचा तो पुरावा होता.

मग युद्ध आले. १९४३ मध्ये कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले आणि चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित झाली. त्याच वेळी युद्धकाळातील टंचाईत काळ्या बाजारात कमावलेला पैसा जागा शोधत होता. असा पैसा बँकेत ठेवता येत नाही, पण चित्रपटात घालता येतो. या पैशाला दहा वर्षे टिकणारा स्टुडिओ नको होता. त्याला सहा महिन्यांत फिरणारा व्यवहार हवा होता.

परिणाम असा झाला की पगारी नट स्टुडिओ सोडून चित्रपटागणिक रक्कम घेऊ लागले, आणि ज्याच्याजवळ ना स्टुडिओ ना कॅमेरा असा स्वतंत्र निर्माता उदयास आला. 'प्रभात' १९५० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. बॉम्बे टॉकीजही त्याच सुमारास संपली. स्टुडिओंच्या ऱ्हासाचे खापर केवळ भागीदारांच्या भांडणांवर फोडणे सोपे आहे, पण पैशाचा स्वभाव बदलला होता हे त्याहून मोठे कारण.

या स्वतंत्र निर्मात्याला पैसा कसा मिळत असे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण थळच्या नाखव्याशी असलेले साम्य येथे सर्वात जवळचे आहे.

निर्माता एखाद्या नामांकित नटाला आणि संगीतकाराला करारबद्ध करी आणि मुहूर्त करी. त्या जोरावर वितरक त्याला 'मिनिमम गॅरंटी', म्हणजे किमान हमीची रक्कम, हप्त्याहप्त्याने देत. प्रदर्शनानंतर वितरक आधी आपली रक्कम व कमिशन वसूल करी. उरले तर निर्मात्याला वाटा मिळे. आगाऊ रक्कम नटाच्या नावावर मिळत असल्याने नटाचा भाव वाढत गेला आणि कथेचा उतरला. वितरक मूर्ख नव्हता. न पाहिलेल्या मालावर पैसे लावताना ओळखीच्या चेहऱ्याखेरीज त्याच्या हाती दुसरे मापच नव्हते.

वितरकांनी देश विभागला होता तो ब्रिटिशकालीन नकाशाप्रमाणे. 'निजाम', 'सीपी-वऱ्हाड' ही नावे धंद्यात आजही चालतात. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य एक झाले, पण चित्रपटधंद्याच्या दृष्टीने मराठवाडा निजामात, विदर्भ सीपी-वऱ्हाडात आणि थळ-अलिबाग मुंबई विभागात राहिले. संस्थान विलीन झाले तरी त्याचे सर्किट राहिले.

हप्त्यांमधील खिंडार भरण्यासाठी निर्माता सावकाराकडे जाई. हुंडीवर दरमहा शेकडा तीन रुपये, म्हणजे वर्षाला ३६ टक्के, आणि कधी त्याहूनही चढे व्याज. तारण एकच, ते म्हणजे चित्रपटाची निगेटिव्ह. ती प्रक्रियाशाळेत ठेवलेली असे आणि सावकाराने लेखी मोकळीक दिल्याशिवाय प्रदर्शनाच्या प्रती काढल्या जात नसत. चित्रीकरण एक महिना लांबले तर नफा व्याजात जाई. भारतीय चित्रपट घाईत का बनले आणि अर्धवट का राहिले, याचे उत्तर पटकथेपेक्षा अनेकदा या हुंडीत सापडते.

हे सारे सरकारला माहीत नव्हते असे नाही. १९२७-२८ च्या रंगाचारियर समितीने निर्मात्यांना सरकारी कर्ज द्यावे असे सुचवले होते. ते कागदावरच राहिले. स्वातंत्र्यानंतर करांच्या बोजाविरुद्ध ३० जून १९४९ रोजी देशभर चित्रपटगृहे बंद ठेवण्यात आली. त्याच वर्षी स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. व्ही. शांताराम आणि न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार हे तिचे सदस्य होते, म्हणजे स्टुडिओव्यवस्था स्वतः उभारणारे दोघे तिच्या अंत्यविधीचा अहवाल लिहीत होते.

१९५१ च्या या अहवालाने वित्त महामंडळाची आणि प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली. दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात यायला १९६० उजाडले. प्रशिक्षण संस्था पुण्यात 'प्रभात'च्याच जागेवर उभी राहिली. मधल्या नऊ वर्षांत राज्यांचा करमणूक कर मात्र प्रत्येक तिकिटावर नियमितपणे वसूल होत होता. ज्या धंद्याला सरकार उद्योग मानत नव्हते, त्याच्या गल्ल्यात त्याचा हात रोज होता.

फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने आरंभी सुरक्षित कर्जे दिली. खरे वळण आले १९६९ मध्ये, मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'ने. अल्प खर्चाचा, नामांकित नायक नसलेला हा चित्रपट चालला आणि नव्या दिग्दर्शकांसाठी दार उघडले. मात्र महामंडळाकडे चित्रपट बनवण्यासाठी पैसा होता, दाखवण्यासाठी चित्रपटगृहे नव्हती. कर्जाने बनलेले कित्येक चित्रपट डब्यांत पडून राहिले आणि कर्जे थकली. १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने महामंडळाला याबद्दल धारेवर धरले. टीका अगदीच अन्याय्य नव्हती, पण होडी देऊन बंदर न देण्याचा दोष होडीवाल्याच्या माथी मारण्यासारखी होती.

१९८० मध्ये हे महामंडळ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. त्याने अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी'त (१९८२) पैसा गुंतवला. त्या नफ्यातून गरजू कलावंतांसाठी कल्याणनिधी उभा राहिला. त्याच महामंडळाने सात लाखांच्या आतील खर्चात 'जाने भी दो यारो' (१९८३) घडवला.

सरकार आणि सावकार यांच्याखेरीज तिसरा मार्गही याच काळात दिसला. १९७६ चा श्याम बेनेगल यांचा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला. पटकथालेखनात विजय तेंडुलकर होते आणि पडद्यावर स्मिता पाटील. जे शेतकरी भांडवलदार होते तेच ट्रक भरभरून प्रेक्षक म्हणूनही आले. दूध व्यापाऱ्याच्या उचलीतून सोडवण्यासाठी निघालेल्या सहकारी संघाने चित्रपटालाही एकदा त्यातून सोडवले. हा प्रयोग त्या प्रमाणावर पुन्हा झाला नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

मराठी चित्रपटाचे गणित वेगळे होते. हिंदीच्या तुलनेत क्षेत्र लहान, आणि मुंबईत चित्रपटगृह मिळणेच दुरापास्त. महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्ये करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली. चित्रपटावर गोळा झालेला कर निर्मात्याला परत मिळे, पण पुढचा मराठी चित्रपट काढण्यासाठी. योजनेतील कल्पकता त्या अटीत होती, कारण नफा दुसऱ्या धंद्यात न जाता चित्रपटातच फिरावा असा हेतू होता.

तिचा कमकुवत दुवाही तेथेच होता. परतावा कराच्या प्रमाणात, म्हणजे जो चित्रपट चालला त्यालाच अधिक मिळे. दादा कोंडके यांच्यासारख्या, गर्दी खेचणाऱ्या निर्मात्या-नटाला त्याचा लाभ होणे स्वाभाविक होते. न चाललेल्या, पण चांगल्या चित्रपटाच्या हाती फारसे काही लागत नसे. पुढे परताव्याची जागा दर्जा पाहून दिल्या जाणाऱ्या अनुदानाने घेतली.

मे १९९८ मध्ये केंद्रीय मंत्री सुषमा स्वराज यांनी चित्रपटाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केली. त्यामागे गुन्हेगारी जगताचा पैसा ही मोठी चिंता होती. २००१ च्या आरंभी 'चोरी चोरी चुपके चुपके' या चित्रपटाच्या निगेटिव्ह जप्त झाल्या, तेव्हा ती चिंता वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. औद्योगिक विकास बँक आणि पाठोपाठ इतर बँका कर्ज देऊ लागल्या. त्यांनी लेखी करार, विमा आणि वेळापत्रक मागितले. कोऱ्या कागदावर सही करून चित्रपट सुरू करण्याची सवय असलेल्या धंद्याला हे सारे नवीन होते.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांचा करमणूक कर त्यात सामावला गेला. निगेटिव्हही आता उरलेली नाही. चित्रपट संगणकीय फाइलच्या रूपात चित्रपटगृहात पोहोचतो आणि सांकेतिक किल्ली मिळाल्यावरच उघडतो. तरीही एखादा मोठा चित्रपट शुक्रवारी प्रदर्शित होणार असला की आदल्या एकदोन दिवसांत थकबाकीचा दावा घेऊन कोणीतरी मुंबई उच्च न्यायालयात उभा राहतो आणि प्रदर्शनाला स्थगिती मागतो.