ताकारीला संपलेली यादी

सांगलीहून रेल्वेने साताऱ्याला निघालं की भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, कराड, मसूर, रहिमतपूर, कोरेगाव अशी स्टेशनं लागतात. ही यादी मी एकदा एका जुन्या आयफोन अ‍ॅपमध्ये भरली. स्क्रीनवर ती ताकारीलाच संपली. एरर नाही, क्रॅश नाही. कराडपासून पुढची सगळी स्टेशनं गायब.

कारण शोधता शोधता मी १९८०च्या दशकात जाऊन पोचलो. अ‍ॅप ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत होतं. ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी सी भाषेला स्मॉलटॉकची जोड देऊन ती तयार केली. सी मधल्या फंक्शनला हव्या तितक्या गोष्टी देता येतात, पण किती दिल्या हे त्याला आपोआप कळत नाही. म्हणून अ‍ॅरे भरताना शेवटी 'निल' लिहायचं. निल म्हणजे इथे यादी संपली. आणि निल म्हणजेच 'काही सापडलं नाही'. एकाच शब्दाचे दोन अर्थ. घोळ तिथेच होता.

खुद्द स्मॉलटॉक-८० मध्ये अ‍ॅरे थेट कंसात लिहिता येई, पण आतले घटक आधीच ठरलेले असत. कंसात 'अ + ब' लिहिलं तर बेरीज होत नसे. ती तीन चिन्हंच अ‍ॅरेत जाऊन बसत. पुढे स्क्वीक या स्मॉलटॉकच्या अवतारात महिरपी कंस आले आणि यादीत हिशेबही मांडता येऊ लागला.

ऑब्जेक्टिव्ह-सी ला अशी सोय मिळाली २०१२ मध्ये: @[ ]. घटक कंपायलरच मोजतो, शेवटचं निल नको. मध्येच निल आला तर अ‍ॅप तिथेच बंद पडतं. २०१४ साली आलेल्या स्विफ्टने आणखी पुढची पायरी गाठली: नावांच्या यादीत निल घातला तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही.

वरवर पाहता हा चार अक्षरं कमी टाइप करण्याचा मामला वाटतो. पण गुपचूप अर्धवट राहणाऱ्या यादीपेक्षा बंद पडणारं अ‍ॅप परवडतं.

मी ती ओळ नव्या पद्धतीने लिहिली. अ‍ॅप लगेच क्रॅश झालं आणि चूक सापडली. प्रत्येक स्टेशन मी नावावरून डेटात शोधत होतो. माझ्या कोडमध्ये होतं 'कराड', डेटात होतं 'कऱ्हाड'. दोन्ही बरोबरच, पण कॉम्प्युटरला कोण सांगणार?

नाव जुळवलं, आणि यादी साताऱ्याला पोचली.