एक मूल, अनेक कचेऱ्या : इंग्लंडमधील बालसंरक्षणाचे चौकशी अहवाल (1945 ते 2022)

9 जानेवारी 1945 रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील एका शेतघरात डेनिस ओनील हा 12 वर्षांचा मुलगा मारहाण व उपासमारीने मरण पावला. वेल्समधील न्यूपोर्टच्या कौन्सिलने त्याला व त्याच्या भावाला तेथे पालनपोषणासाठी ठेवले होते. मुले न्यूपोर्टची, पण शेत श्रॉपशरच्या हद्दीत. त्यामुळे देखरेख कोणी करायची याबाबत दोन्ही कौन्सिलांत शेवटपर्यंत स्पष्टता नव्हती. मृत्यूच्या काही आठवडे आधी न्यूपोर्टची एक कर्मचारी घरी येऊन गेली होती. मुलाला तेथून हलवावे, असे तिचे मत झाले होते. ते मत कागदावरच राहिले. (अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक अनेकांना ठाऊक असते. त्याच्या कथेचे बीज याच प्रकरणात आहे.)

सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या चौकशी अहवालाने या विस्कळीतपणावर बोट ठेवले. पुढे 1946 मध्ये कर्टिस समितीचा अहवाल आला आणि 1948 च्या बालक कायद्याने प्रत्येक स्थानिक प्राधिकरणात एक बालक अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. हा उपाय लक्षात ठेवावा. दोन कचेऱ्यांमध्ये मूल हरवले म्हणून कायद्याने एक माणूस जबाबदार धरला. यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक अहवालाने मात्र उलट दिशेचा उपाय सुचवला: अधिक संस्था, अधिक बैठका, अधिक देवाणघेवाण. ही दिशा का बदलली, हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

मारिया कोलवेल आणि समित्यांचा जन्म

1970 च्या कायद्याने बालक विभाग मोठ्या समाजसेवा विभागांत विलीन झाले. त्याच सुमारास डॉक्टरांमध्ये ‘मारहाणग्रस्त बालक’ ही संकल्पना रुजत होती. म्हणजे दुखापत ओळखणार डॉक्टर, गुन्हा तपासणार पोलीस, मुलाचा चेहरा रोज पाहणार शिक्षक आणि कुटुंबाला भेट देणार समाजसेविका. ज्ञानच वाटले गेले होते. एका अधिकाऱ्याकडे ते सगळे असणे आता शक्य नव्हते.

जानेवारी 1973 मध्ये ब्रायटन येथे सात वर्षांची मारिया कोलवेल सावत्र वडिलांच्या मारहाणीत मरण पावली. आत्याकडे वाढलेल्या या मुलीला 1971 मध्ये आईकडे परत पाठवण्यात आले होते. शेजाऱ्यांनी वारंवार तक्रारी केल्या होत्या, शाळेला चिंता होती, समाजसेवा विभाग आणि बालकांवरील क्रौर्य रोखणारी राष्ट्रीय संस्था या दोहोंची माणसे घरी जात होती. प्रत्येकाजवळ चित्राचा एक तुकडा होता. 1974 च्या अहवालाने यंत्रणांमधील संपर्क तुटल्याचे सांगितले. पण चौकशी समितीच्या तीन सदस्यांपैकी ऑलिव्ह स्टीव्हन्सन यांनी काही निर्णयांबाबत वेगळे मत नोंदवले. मुलीला आईकडे पाठवण्याचा निर्णय आज जितका उघडपणे चुकीचा वाटतो तितका तो त्या वेळच्या समाजसेविकेला दिसत होता का, हा त्यामागचा प्रश्न. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे भिन्नमत मूळ अहवालाइतक्याच गांभीर्याने वाचावे.

याच वर्षी सरकारी परिपत्रकाने प्रत्येक भागात पुनरावलोकन समिती, संयुक्त बैठका आणि धोक्यातील मुलांची नोंदवही सुरू करण्यास सांगितले. 1988 मध्ये या समित्यांचे नाव बदलले आणि ‘एकत्र काम’ या अर्थाच्या शीर्षकाची मार्गदर्शिका निघाली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही निघतात. मूल दगावले वा गंभीर जखमी झाले की स्थानिक समितीने स्वतःच्याच संस्थांच्या कामाचे पुनरावलोकन करायचे, ही पद्धत येथेच रुजली.

व्हिक्टोरिया क्लिंबिए

हे प्रकरण सविस्तर पाहिले पाहिजे. आयव्हरी कोस्टमधील आठ वर्षांची व्हिक्टोरिया चुलत आजीबरोबर चांगल्या शिक्षणाच्या आशेने युरोपात आली आणि 25 फेब्रुवारी 2000 रोजी लंडनमध्ये मरण पावली. शवविच्छेदनात तिच्या अंगावर 128 जखमा आढळल्या. सुमारे दहा महिन्यांच्या लंडनवासात ती चार बरोंच्या समाजसेवा विभागांना, दोन रुग्णालयांना, पोलिसांच्या दोन बालसंरक्षण पथकांना आणि एका स्वयंसेवी केंद्राला माहीत होती. म्हणजे ती यंत्रणेच्या नजरेआड नव्हतीच.

जुलै 1999 मध्ये एका रुग्णालयात डॉक्टरांना मारहाणीचा संशय आला, पण वरिष्ठ डॉक्टरांनी खरजेचे निदान केले. निदान झाले आणि पोलीस संरक्षण उठले. ‘रुग्णालय म्हणते म्हणजे खरूजच’ असे धरून बाकीचे मागे सरले. पुढे खरजेची लागण होईल या भीतीने घरभेटही टळली. चुलत आजीसमोर मुलगी ताठ उभी राही. आफ्रिकी कुटुंबांत वडीलधाऱ्यांना असाच मान देतात, असा समज काही कर्मचाऱ्यांनी करून घेतला. संस्कृतीबद्दलचा आदर येथे प्रश्न न विचारण्याचे निमित्त ठरला. संस्था परस्परांशी बोलल्या नाहीत, एवढेच या प्रकरणाबद्दल म्हटले जाते ते अपुरे आहे. त्या बोलल्या; पण दुसऱ्याचे म्हणणे तपासण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

लॉर्ड लॅमिंग यांच्या जानेवारी 2003 च्या अहवालात 108 शिफारशी आहेत. हस्तक्षेपाच्या बारा संधी हुकल्याचे त्यांनी दाखवले आणि दोष केवळ खालच्या कर्मचाऱ्यांवर न ढकलता वरिष्ठांवरही ठेवला. 2004 च्या बालक कायद्याने स्थानिक बालसंरक्षण मंडळांना वैधानिक दर्जा दिला, सहकार्याचे कर्तव्य घातले आणि मुलांच्या सेवांचा एक संचालक नेमला. भारतीय वाचकाने या मंडळांना आपल्याकडच्या बालकल्याण समितीसारखे समजू नये. आपल्या समितीला 2015 च्या बालन्याय कायद्याने दंडाधिकाऱ्यासारखे अधिकार दिले आहेत आणि ती एकेका मुलाबाबत आदेश देते. इंग्लंडचे मंडळ संस्थांच्या कामात मेळ घालत असे आणि तो मेळ बसला की नाही हे पाहत असे. एखादे मूल उचलून सुरक्षित जागी नेण्याचा अधिकार त्याला नव्हता.

पुनरावलोकनाचेच पुनरावलोकन

ऑगस्ट 2007 मध्ये व्हिक्टोरियाच्याच हॅरिंगी बरोत 17 महिन्यांचा पीटर कॉनेली मरण पावला. आठ महिन्यांत सुमारे 60 वेळा अधिकारी वा आरोग्य कर्मचारी यांच्याशी त्याचा संपर्क आला होता. शासकीय तपासणी यंत्रणेने या प्रकरणाचे पहिले पुनरावलोकन अपुरे ठरवल्याने दुसरे करावे लागले. संचालक शॅरन शूस्मिथ यांना मंत्र्यांच्या हस्तक्षेपाने पद सोडावे लागले. 2011 मध्ये अपिलीय न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली. वर जबाबदारी निश्चित करा, या लॅमिंग यांच्या सूचनेचे व्यवहारात असे रूप झाले.

त्याच वर्षी प्राध्यापक आयलीन मन्रो यांच्या अहवालाने वेगळा सूर लावला: प्रत्येक शोकांतिकेनंतर नवे नियम चढवल्याने समाजसेवक मुलाशी बोलण्याऐवजी तक्ते भरत बसतात. माझ्या मते 1945 नंतरचा हा सर्वांत महत्त्वाचा अहवाल आहे, कारण आधीच्या अहवालांनीच यंत्रणा कशी घडवली हे तो विचारतो. मृत्यूनंतर लिहिलेल्या अहवालात प्रत्येक नोंद इशाऱ्यासारखी दिसते. त्या आठवड्यात कर्मचाऱ्यासमोर तशाच नोंदींची किती कुटुंबे होती, हे अहवालात क्वचितच येते. स्रोत म्हणून अशा अहवालाची मर्यादा हीच.

2016 मधील ॲलन वुड यांच्या पुनरावलोकनानंतर मंडळे रद्द झाली. 2017 च्या कायद्याने स्थानिक प्राधिकरण, पोलीस आणि आरोग्य यंत्रणा हे तिघे समान भागीदार ठरले. शाळांना त्यात समान स्थान मिळाले नाही, आणि मुलाला रोज पाहणारी संस्था तर शाळाच. 2020 मध्ये आर्थर लाबिन्जो-ह्यूज आणि स्टार हॉब्सन ही दोन मुले गेली. 2022 च्या राष्ट्रीय अहवालाने पोलीस, आरोग्य व समाजसेवा यांची एकत्र बसणारी तज्ज्ञ पथके सुचवली. लॅमिंग यांच्यानंतर उभारलेली सर्व मुलांची संगणकीय नोंदसूची 2010 मध्ये खासगीपणा व खर्चाच्या कारणांनी बंद करण्यात आली होती; डिसेंबर 2024 मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात अशी पथके आणि प्रत्येक मुलाला एक समान ओळख क्रमांक, या दोन्ही तरतुदी होत्या.