स्प्रिंगफील्डची काजू-कोंबडी

अमेरिकेंतील चिनी जेवणाचा विषय निघाला कीं सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क या दोन शहरांचीं नांवें प्रथम तोंडावर येतात. तेथें चिन्यांच्या स्वतंत्र वस्त्या आहेत, त्यांचीं दुकानें आहेत, मंडया आहेत. अशा ठिकाणीं चिनी जेवण मिळालें तर त्यांत नवल तें काय? खरें नवल आहे तें देशाच्या अंतर्भागांतील मध्यम शहरांचें. दोन्ही महासागर जेथून शेंकडों मैल दूर आहेत, जेथें चिनी माणूस एके काळीं बोटांवर मोजण्याइतकाच होता, अशा ठिकाणीं पूर्वेकडचें अन्न कसें पोहोंचलें, तेथें कसें रुजलें आणि रुजतां रुजतां कसें पालटलें, हा इतिहास पाककृतींच्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीं.

मिसूरी संस्थानाच्या नैर्ऋत्येस, ओझार्क नांवाच्या डोंगराळ पठारावर, स्प्रिंगफील्ड नांवाचें असें एक शहर आहे. १९६० च्या शिरगणतींत त्याची वस्ती सुमारें ९६ हजार होती. २०२० मध्यें ती १ लक्ष ६९ हजार भरली. शिकागोहून कॅलिफोर्नियाकडे जाणारा ‘६६ क्रमांकाचा’ प्रसिद्ध हमरस्ता याच शहरांतून जात असे आणि त्या क्रमांकाची सूचना १९२६ सालीं येथूनच तारेनें पाठविली गेली, याचा नागरिकांना मोठा अभिमान आहे. अभिमान बाळगूं नये अशीही एक आठवण या शहराजवळ आहे. १९०६ च्या एप्रिलांत जमावानें तीन काळ्या तरुणांना भर चौकांत ठार मारलें, आणि त्यानंतर कित्येक काळीं कुटुंबें गांव सोडून गेलीं. परक्या वर्णाच्या माणसाला हें गांव सहज आपलेंसें करील अशी लक्षणें नव्हतीं. तरी आज स्प्रिंगफील्डचें स्वतःचें म्हणून जें एक पक्वान्न सांगतात, तें चिनी स्वयंपाक्याच्या हातचें आहे. हें कसें घडलें तें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

१८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें. ती वार्ता ऐकून दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतांतले हजारों तरुण समुद्र ओलांडून गेले. पुढें पूर्व व पश्चिम किनारे जोडणारा लोहमार्ग बांधण्यास निघाला, तेव्हां त्याच्या पश्चिमेकडील भागावर दहा हजारांहून अधिक चिनी मजूर राबले. सिएरा नेव्हाडाचे कडे त्यांनीं सुरुंग लावून फोडले. १० मे १८६९ रोजीं मार्ग पुरा झाला आणि काम संपतांच या मजुरांविषयींचा गोऱ्या कामगारांचा रोष उफाळून आला. १८८२ सालीं चिनी मजुरांस देशांत येण्याची बंदी करणारा कायदा झाला; १८९२ त त्याची मुदत वाढविली, आणि १९०२ त मुदत ही कल्पनाच काढून टाकली. जे आधींपासून तेथें राहत होते, त्यांनाही नागरिकत्वाचा दरवाजा बंद होता. १९२४ सालीं हीच बंदी जवळजवळ सगळ्या आशियाला लागूं झाली. तींत हिंदी लोकही आलेच.

कायद्याची जाळी कितीही बारीक विणली तरी तींत कोठें तरी छिद्र राहतेंच. व्यापारी, विद्यार्थी, प्रवासी यांना बंदींतून वगळलें होतें. खानावळ चालविणारा हा व्यापारी म्हणावा कीं मजूर? हा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि १९१५ मध्यें निकाल झाला कीं मोठ्या उपाहारगृहाचा मालक व्यापारीच होय. निकालाला अटी मात्र जाचक होत्या. मालकानें स्वतः स्वयंपाक करतां कामा नये, वाढतां कामा नये, गल्ल्यावर व व्यवस्थेवर बसावें. तरीही चिन्यांनीं ही वाट ओळखली. भागीदारींत भांडवल उभारून त्यांनीं उपाहारगृहें काढलीं आणि त्यांच्या आधारानें गांवाकडचे पुतणे-भाचे बोलावून घेतले. धुलाईचीं दुकानें व खानावळी हेच दोन धंदे चिन्यांच्या वांट्यास कां आले, असें पुष्कळांना वाटतें. आवडीनें आले असें म्हणणें भोळेपणाचें आहे. बाकीच्या धंद्यांचीं दारें त्यांच्यापुरतीं लावलेलीं होतीं. अमेरिकन गिऱ्हाइकाला रुचेल असें ‘चॉप सुई’ नांवाचें मिश्रण त्यांनीं याच काळांत गांवोगांव नेलें. १८९६ सालीं चीनचे मुत्सद्दी ली हुंग चांग न्यूयॉर्कला आले, त्यांच्या स्वयंपाक्यानें तें शोधून काढलें अशी दंतकथा आहे. वास्तविक तें त्यापूर्वींच लोकांच्या परिचयाचें होतें. पाहुणा मोठा असला म्हणजे त्याच्या नांवावर कांहींही खपतें.

दुसऱ्या महायुद्धांत चीन हा अमेरिकेचा मित्र झाला. मित्राच्या प्रजेला बंदी घालणें शोभेना, म्हणून डिसेंबर १९४३ मध्यें बंदीचा कायदा रद्द झाला, आणि त्याच्या जागीं वर्षाला १०५ चिन्यांना प्रवेश अशी उदार व्यवस्था करण्यांत आली! हिंदी लोकांना १९४६ सालीं वर्षाला १०० इतका वांटा मिळाला.

याच काळांतला एक तरुण म्हणजे डेव्हिड लिओंग. त्यांचा जन्म १९२० सालीं क्वांगतुंग प्रांतांत झाला, आणि १९४० मध्यें, बंदी उठण्याच्या तीन वर्षें आधीं, ते अमेरिकेंत पोहोंचले. युद्धांत ते अमेरिकन सैन्यांत भरती झाले. १९४४ सालीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेंत ते होते. युद्धानंतर त्यांनीं स्वयंपाक्याचा धंदा धरला. फ्लॉरिडांत पेन्साकोला येथें ते काम करीत असतां स्प्रिंगफील्डमधील एका चिनी डॉक्टरांशीं त्यांची ओळख झाली. आपल्या गांवीं चांगलें चिनी जेवण मिळत नाहीं, तुम्ही तिकडे या, असा त्या डॉक्टरांचा आग्रह. त्याप्रमाणें १९५५ च्या सुमारास लिओंग ओझार्कमध्यें आले. प्रथम कांहीं वर्षें त्यांनीं इतरांच्या स्वयंपाकघरांत काढलीं, आणि शेवटीं आपल्या भावासह स्वतःचें उपाहारगृह उभें केलें. ‘लिओंग्ज टी हाउस’ हें त्याचें नांव.

तें उघडावयाचें होतें १९६३ च्या नोव्हेंबरांत. उद्घाटनापूर्वींच कोणी तरी इमारतीच्या दर्शनी बाजूस सुरुंगाची दारू लावून स्फोट केला. ज्यानें नॉर्मंडींत तोफांचे गोळे पाहिले होते त्यानें या दारूला भिऊन गांव सोडावा, अशी अपेक्षा करणाऱ्यांची निराशा झाली. मोडतोड दुरुस्त करून उपाहारगृह उघडलें.

पण इमारत दुरुस्त करणें सोपें, गिऱ्हाइकाची जीभ वळविणें अवघड. ओझार्कमधील माणूस तळलेल्या कोंबडीवर वाढलेला. चिनी पद्धतींत कोंबडीचे तुकडे खोलगट कढईंत मोठ्या जाळावर झटपट परततात. ती चव त्याला अनोळखी होती. लिओंग यांनीं मग एक सोपा हिशेब केला. जें लोकांना आवडतें तें कोंबडीचें रूप ठेवावयाचें, आणि जें आपल्याला येतें तो रस्सा तिच्यावर घालावयाचा. कोंबडीचे लहान तुकडे पिठांत व अंड्यांत घोळवून तेलांत खरपूस तळले. कोंबडीचें सार, सोयाबीनचा रस आणि कालवांचा दाट रस यांचा तपकिरी रस्सा करून वर ओतला. त्यावर हिरव्या कांद्याची पात चिरून आणि मूठभर काजू पसरले. बाजूला पांढरा भात. एवढीच ती ‘काजू-कोंबडी’.

या ताटाकडे नीट पाहिलें तर त्यांत कोणत्या देशाचा किती वांटा हें ठरविणें कठीण जातें. तळण अमेरिकेच्या दक्षिण भागाचें. कालवांचा रस अस्सल क्वांगतुंगचा. याच प्रांताच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो बाटल्यांत भरून विकूं लागले. आणि काजू? काजूचें झाड मूळचें ब्राझीलचें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तें हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणलें; गोमंतक, कोंकण व मलबार येथें तें इतकें फोफावलें कीं तें परकें आहे हें कोणाच्या ध्यानींमनींही राहिलें नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास जगाच्या बाजारांत जाणारा काजूगर बव्हंशीं हिंदुस्थानांतून जात असे, आणि त्याचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक अमेरिकाच होतें. कोल्लमच्या कारखान्यांत हजारों बायका भाजलेल्या बिया एकेक करून फोडीत, सोलीत. टरफलांतील तेलानें त्यांचे हात काळे पडत. त्यामुळें १९६३ सालीं स्प्रिंगफील्डच्या ताटांत पडलेला काजू बहुधा याच किनाऱ्यावरून डब्यांत बसून गेलेला असावा, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पदार्थ लोकांना आवडला, आणि नुसता आवडला नाहीं तर शहरभर पसरला. लिओंग यांच्या हाताखालीं शिकलेले स्वयंपाकी बाहेर पडून स्वतःचीं दुकानें काढीत, आणि प्रत्येकाच्या पाटीवर काजू-कोंबडी असेच. पुढें चिनी नसलेल्या उपाहारगृहांनींही ती उचलली. शहराबाहेर तिला ‘स्प्रिंगफील्ड पद्धतीची’ असें विशेषण लागलें. ज्या इमारतीपुढें दारू उडाली ती १९९७ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षें, गजबजलेली राहिली. लिओंग यांच्या मुलानें २०१० सालीं पुन्हां उपाहारगृह उघडलें. स्वतः डेव्हिड लिओंग जुलै २०२० मध्यें, शंभरीला थोडे दिवस कमी असतां, वारले. त्यांच्या निधनाची वार्ता मोठमोठ्या राष्ट्रीय पत्रांनीं छापली.

हें चिनी जेवणच नव्हे, अशी नाकें मुरडणारे पंडित अर्थातच आहेत. चीनमध्यें असा पदार्थ कोणी करीत नाहीं, हें त्यांचें म्हणणें अगदीं खरें आहे. परंतु याच न्यायानें पाहावयाचें तर महाराष्ट्रांतील बटाट्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची आमटी यांना मराठी म्हणण्याचा अधिकार कोणता? बटाटा, मिरची आणि भुईमूग हे तिन्ही अमेरिका खंडांतून आलेले. उपासाचें ताट तर जवळजवळ सगळें तिकडचें आहे, आणि तें खाऊन पुण्य मिळतें अशी आपली श्रद्धा! परदेशीं गेलेल्या स्वयंपाक्यासमोर प्रश्न शुद्धतेचा नसतो. मंडईंत काय मिळतें आणि समोरचा माणूस काय खाईल, या दोन गोष्टींतून त्याला वाट काढावयाची असते. लिओंग यांना तर या वाटेवर बायको-मुलांचा संसारही चालवावयाचा होता.

१९६५ सालीं अमेरिकेनें देशवार वांट्याची जुनी पद्धत मोडली, आणि आशियांतून येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. त्यानंतर दहा वर्षांनीं, एप्रिल १९७५ मध्यें सायगांव पडलें. निर्वासितांची एक मोठी छावणी शेजारच्या आर्कान्सा संस्थानांत फोर्ट चाफी येथें होती. पन्नास हजारांवर व्हिएतनामी माणसें तींतून गेलीं. त्याच सुमारास एका व्हिएतनामी कॅथॉलिक संघाचे धर्मोपदेशक मिसूरींतच कार्थेज या लहानशा गांवीं येऊन राहिले. स्प्रिंगफील्डपासून तें साठएक मैलांवर आहे. १९७८ पासून तेथें दर ऑगस्टांत मेरीमातेचा उत्सव भरूं लागला, आणि साऱ्या अमेरिकेंतून हजारों व्हिएतनामी कुटुंबें त्यासाठीं येऊं लागलीं. मैदानांत राहुट्या उभ्या राहतात, मोठमोठ्या पातेल्यांत शेवयांचा रस्सा उकळतो, लोखंडी जाळीवर मांस भाजतें. आपल्याकडील जत्रा ज्यानें पाहिली आहे त्याला हें दृश्य मुळींच परकें वाटणार नाहीं. एरव्हीं मक्याच्या आणि गाईगुरांच्या या मुलखांत माशांच्या आंबविलेल्या रसाची बाटली मिळणें दुर्घट. त्या चार दिवसांत तिचा वास गांवभर दरवळतो.

स्प्रिंगफील्डमध्यें एक मोठें विद्यापीठही आहे. परदेशचे विद्यार्थी त्यांत येतात, आणि त्यांच्याबरोबर नव्या पिढीच्या आवडीही येतात. त्यांतलीच एक म्हणजे ‘बबल टी’, दुधाच्या गार चहांत काळ्या, चिवट गोळ्या घातलेलें तैवानचें पेय. तें १९८० नंतरच्या दशकांत निर्माण झालें. ताइनान शहरांतील एका चहागृहाचे मालक म्हणतात कीं १९८६ सालीं मंडईंतील पांढऱ्या गोळ्या पाहून आपल्याला ही कल्पना सुचली. ताइचुंगमधील दुसऱ्या चहागृहाचें म्हणणें असें कीं १९८८ मध्यें त्यांच्या एका बाईनें बैठकींत सहज आपल्या चहांत त्या ओतल्या. दोघे न्यायालयांत गेले, दहा वर्षें भांडले, आणि २०१९ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं हें पेय कोणीही करूं शकतो, तेव्हां पहिला कोण हें ठरविण्याचें कारणच नाहीं. त्या न्यायाधीशांना चहाची चव कळत असावी.

या गोळ्या म्हणजे मराठी घराला अगदीं ओळखीच्या. ज्या टॅपिओका कंदाच्या सत्त्वापासून त्या वळतात, त्याच कंदाच्या सत्त्वाचा आपला साबुदाणा होतो. तमिळनाडूंतील सालेमच्या आसपास त्याचे कारखाने आहेत. खरा साबुदाणा मलायाकडील ताडासारख्या झाडाच्या गाभ्याचा, नांव त्याचें आणि माल या कंदाचा. हा कंदही काजूप्रमाणेंच दक्षिण अमेरिकेचा. अमेरिकेंत हें पेय १९९० नंतर तैवानी लोकांनीं प्रथम कॅलिफोर्नियांत नेलें. तेथून तें हळूहळू आंतल्या शहरांत गेलें. त्याची गोळी मात्र अजूनही बहुतेक तैवानहूनच जहाजानें येते. २०२१ च्या वसंतांत कॅलिफोर्नियाच्या बंदरांबाहेर जहाजांची रांग लागली, तेव्हां देशभरच्या दुकानांत गोळ्यांचा तुटवडा पडला.

कोरडी गोळी महिनोन्‌महिने टिकते. एकदां शिजविली कीं मात्र ती कांहीं तासांतच कडक होऊं लागते. म्हणून तैपेच्या गल्लींतला दुकानदार असो वा ओझार्कच्या पठारावरचा, त्याला दिवसांतून अनेक वेळां नवें आधण ठेवावें लागतें. गोळ्या अर्धा-पाऊण तास उकळून, तशाच झांकून ठेवून, मग काकवीसारख्या काळ्या साखरेच्या पाकांत सोडाव्या लागतात. सकाळच्या उरलेल्या संध्याकाळीं फेंकून द्याव्या लागतात.