हौसेचे सुतारकाम : नेस ते वर्धा

आपल्याकडे सुतारकाम हा शतकानुशतके पोटापाण्याचा व्यवसाय होता, हौसेचा नव्हे. गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. कुणब्याचे नांगर, तिफण, गाडीची चाके घडवावीत, मोडतोड दुरुस्त करावी आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घ्यावे, अशी ती व्यवस्था. वाकस, पटाशी, रंधा चालवण्याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. त्या घरात जो जन्मला नाही, त्याने हे शिकावे असे कुणाला वाटत नसे. आणि एखाद्याला वाटलेच तरी त्याच्यासाठी दार उघडे नव्हते.

आज सुट्टीच्या दिवशी घराच्या गच्चीवर रंधा मारणारा डॉक्टर किंवा बँकेतला कर्मचारी दिसला, तर फारसे नवल वाटत नाही. पण विकण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या घडणीसाठी लाकूड घडवावे, हा विचार आपोआप रुजलेला नाही. त्याची बाजू कुणाला तरी मांडावी लागली. ती पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांत स्वीडनमधल्या ओटो सालोमन या शिक्षकाचे स्थान फार वरचे आहे.

स्वीडनच्या लांबलचक हिवाळ्यात शेतीची कामे थंडावत. त्या दिवसांत शेतकरी कुटुंबे चमचे, भांडी, अवजारांचे दांडे घरीच करीत. या घरगुती हस्तकामाला ‘स्लॉइड’ म्हणत. चतुर, हुन्नरी अशा अर्थाच्या जुन्या शब्दाशी त्याचे नाते आहे. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांचा स्वस्त माल खेड्यापर्यंत पोहोचला आणि हे काम मागे पडू लागले.

गोथेनबर्गचे व्यापारी आउगुस्ट अब्राहमसन यांनी 1868 मध्ये शहराजवळची नेस ही जहागीर विकत घेतली. 1872 मध्ये तेथे मुलांसाठी हस्तकामाची शाळा निघाली. तिची सूत्रे त्यांच्या भाच्याकडे, म्हणजे सालोमनकडे आली. त्याचे वय तेव्हा जेमतेम तेविशीचे. सुरुवातीचा हेतू सरळ होता : मुलांच्या हाती उपयोगाचे कसब यावे. 1877 मध्ये सालोमन फिनलंडला जाऊन ऊनो सिग्नेअस यांना भेटला, आणि हा हेतू बदलला. फिनलंडमध्ये 1866 पासूनच लोकशाळांत हस्तकाम दाखल झाले होते. पेस्तालोझी आणि फ्रोबेल यांच्या विचारांवर वाढलेल्या सिग्नेअस यांच्या मते हस्तकाम हे धंदेशिक्षण नव्हते. ते सर्वसाधारण शिक्षणाचेच अंग होते.

सालोमनने या विचाराला रीत दिली. नेसच्या अभ्यासक्रमात वस्तूंची एक मालिका असे. पहिली वस्तू म्हणजे नुसत्या चाकूने तासलेली छोटी काडी. मग पायरीपायरीने चमचा, कुऱ्हाडीचा दांडा आणि शेवटी नीट सांधे जुळवायला लावणारे फर्निचर. प्रत्येक पायरीवर एखादे नवे हत्यार किंवा नवी कृती येई. सुरुवात चाकूने, कारण खेड्यातल्या मुलाच्या हाताला तो आधीच ओळखीचा असे. वस्तू शोभेची नको, घरात वापरता येईल अशी हवी. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकानेच करायची. एकाने कापायचे आणि दुसऱ्याने घासायचे, असली कामाची वाटणी नाही. शिकवणे एकेकट्याला, ज्याच्या त्याच्या गतीने. सर्वांत कडक नियम शिक्षकासाठी होता : विद्यार्थ्याच्या कामाला त्याने हात लावायचा नाही. दाखवावे, सांगावे, पण वाकडी कड त्याची त्यालाच सरळ करू द्यावी.

या नियमांमागचे गणित एकच होते. चमचा महत्त्वाचा नाही, तो करणारा महत्त्वाचा. म्हणूनच हे काम शिकवायला सालोमनला कुशल कारागिरापेक्षा प्रशिक्षित शिक्षक अधिक पसंत होता. कारागिराची नजर साहजिकच वस्तूच्या सफाईकडे जाणार. शिक्षकाने ती मुलाकडे ठेवावी, ही अपेक्षा. नेसच्या काही आठवड्यांच्या वर्गांना देशोदेशींचे शिक्षक येऊ लागले, त्यांत स्त्रियाही होत्या. तेथे शिकलेला गुस्ताफ लार्सन 1888 मध्ये बोस्टनला गेला आणि ही पद्धत अमेरिकेत रुजली. टीकाही झाली. ठरावीक वस्तूंच्या मालिकेत मुलाच्या स्वतःच्या कल्पनेला वाव कुठे, हा आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता.

हाच प्रश्न पुढे आपल्या वर्ध्यात वेगळ्या रूपात उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजींनी मुलांना हस्तकाम शिकवण्याचा प्रयोग केलेला होता. तेथे सुतारकाम कॅलनबाख शिकवीत. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाची योजना आखली. सूतकताई, विणकाम, शेती यांच्याबरोबर सुतारकामही तिच्यात मूलोद्योग म्हणून सुचवले होते. बुद्धीने काम करणारे आणि हाताने काम करणारे यांच्यातली भिंत पाडणे, हे तिचे एक उद्दिष्ट. ज्या समाजात ही भिंत जातीने बांधली होती, तिथे या उद्दिष्टाला स्वीडनपेक्षा कितीतरी जास्त धार होती.

पण एका बाबतीत वर्धा नेसच्या उलट दिशेला गेले. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, असा गांधीजींचा आग्रह होता. गरीब देशात सर्वांना शिक्षण द्यायचे तर पैसा आणायचा कुठून, हा त्यांचा प्रश्न खराच होता. मात्र विक्री आली की वस्तूची सफाई आली आणि मुलाची चूक महाग झाली. आर्थिक बाजूवर भर देता देता शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा धोका आहे, असा इशारा खुद्द समितीच्या अहवालातच दिलेला होता.

पुढे कोठारी आयोगाच्या शिफारशीनंतर ‘कार्यानुभव’ आला, आणि 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे नाव सुचवले. या तासाच्या आठवणी अनेकांकडे असतील : आदल्या रात्री आईवडिलांनी करून दिलेली वस्तू आणि वहीवर मिळालेली ‘अ’ श्रेणी. सालोमनचा तो एकच नियम मोडला की बाकीचे सगळे कसे कोसळते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

स्वीडनच्या शाळांत स्लॉइड आजही सक्तीचा विषय आहे. मुलगे आणि मुली दोघांनाही. आपल्याकडे मात्र शाळेने सोडलेले हे काम आता प्रौढ माणसे घरच्या कोपऱ्यात, चाळिशी-पन्नाशीत, स्वतःच्या खर्चाने शिकत आहेत. त्यांचे पहिले स्टूल डुगडुगते. ते विकले जाणार नाही, आणि दुसऱ्या कुणी येऊन ते नीट करून देणारही नाही. नेसच्या शाळेत यालाच शिक्षण म्हणत.