पवनचक्कीची परीक्षा

नागपूरच्या सक्करदरा भागातील शाळेत पवनचक्कीचा धडा शिकवायचा तर चित्रावरच भागवावे लागते. विजेच्या मोठ्या पवनचक्क्या पाहायच्या तर सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेलला जायला हवे. तेथे गेल्यावर विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘हिच्यातून वीज किती मिळते?’ याहून अवघड प्रश्न दुसरा आहे. हे यंत्र वीस वर्षे टिकेल, वादळात मोडून कोणाच्या अंगावर पडणार नाही, हे कोणी आणि कसे ठरवले? या प्रश्नाचा इतिहास आपण येथे पाहू.

एका शिक्षकाची सुरुवात

हा इतिहास एका शाळेत सुरू होतो, ही आपल्याला आनंदाची गोष्ट आहे. डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथील लोकशाळेत पॉल ला कूर नावाचे शिक्षक होते. १८९१ मध्ये त्यांनी वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली. पाती किती असावीत, त्यांचा कोन किती असावा, हे परंपरेने ठरवण्याऐवजी त्यांनी एक वातबोगदा तयार केला आणि पात्यांच्या छोट्या प्रतिकृती त्यात तपासल्या. विजेसाठी थोडी पण वेगाने फिरणारी पाती बरी, हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. त्यांचेच विद्यार्थी योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची चक्की सुरू केली. वेग प्रमाणाबाहेर गेला की तिच्या पात्यांची टोके आडवी वळून चक्कीला आवरत. ही चक्की दहा वर्षे चालली.

तुटलेले पाते

अमेरिकेतील अनुभव वेगळा होता. व्हरमाँट राज्यातील एका टेकडीवर १९४१ मध्ये १२५० किलोवॅटची प्रचंड चक्की उभी राहिली. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिचे एक बेअरिंग निकामी झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बदलण्यास दोन वर्षे लागली. पात्याच्या मुळाशी कमकुवतपणा आहे, हे तज्ज्ञांच्या लक्षात आले होते; पण ते बळकट करणे राहून गेले. २६ मार्च १९४५ रोजी सुमारे ८ टनांचे ते पाते तुटून दूर फेकले गेले.

असे का होते? लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. वीस-पंचवीस वेळा इकडे-तिकडे वाकवली की तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. फिरणाऱ्या पात्यावरील त्याच्या स्वतःच्या वजनाचा ताण प्रत्येक फेऱ्यात उलटसुलट होतो. मिनिटाला २० फेरे धरले तर वर्षाला सुमारे १ कोटी ५ लाख फेरे होतात. अखंड फिरली तर वीस वर्षांत २१ कोटी! शिवाय वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. म्हणून ‘एकदा फिरवून पाहिली, चांगली चालली’ एवढ्याने भागत नाही.

अनुदान आणि परीक्षा

१९७३ च्या तेलसंकटानंतर डेन्मार्कमध्ये छोट्या कारखान्यांतील कारागिरांनी चक्क्या बनवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये रिसो येथे छोट्या पवनचक्क्यांचे चाचणी केंद्र निघाले. पुढच्या वर्षी सरकारने ३० टक्के अनुदान जाहीर केले. पण ते केंद्राने मान्य केलेल्या चक्कीलाच मिळे. केंद्राची एक अट होती : एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन रोधयंत्रणा हव्यात. एक बिघडली तरी दुसरी चक्की थांबवील.

पुढे वेगवेगळ्या देशांच्या नियमांचा मेळ घालण्याची गरज पडली. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९८८ मध्ये यासाठी समिती नेमली आणि ६१४०० या क्रमांकाची प्रमाणके तयार होऊ लागली. त्यांनुसार चक्कीचे वर्ग पडतात. पहिल्या वर्गाची चक्की सेकंदाला सरासरी १० मीटर वाऱ्याच्या जागेसाठी, तिसऱ्या वर्गाची ७.५ मीटरच्या जागेसाठी. पाते एका टोकाला घट्ट बसवून दोरांनी ओढतात, मग लाखो वेळा हेलकावे देतात. विजेचे मापन करताना चक्कीपासून तिच्या पात्यांच्या वर्तुळाच्या सुमारे अडीच व्यासांवर मनोरा उभारून वारा मोजतात आणि दर दहा मिनिटांच्या सरासरी नोंदी घेतात.

आपल्याकडे

भारतात १९८६ च्या सुमारास रत्नागिरी, गुजरातमधील ओखा आणि तमिळनाडूत पहिले पवनऊर्जा प्रकल्प आले. त्यानंतर चक्कीची सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करण्याची करसवलत मिळाली. सवलत चक्की उभारण्यावर होती, वीज निर्माण करण्यावर नव्हती! साहजिकच काही ठिकाणी वाऱ्यापेक्षा कराकडे पाहून चक्क्या उभ्या राहिल्या. १९९५ आणि १९९६ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने जागेची निवड आणि यंत्राचा दर्जा यांबाबत सूचना काढल्या. १९९८ मध्ये चेन्नईत पवनऊर्जा तंत्रज्ञान केंद्र स्थापन झाले (आजची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था). तिचे चाचणी केंद्र तमिळनाडूतील कायथार येथे आहे. ‘टॅप्स-२०००’ या योजनेने चक्क्यांच्या नमुन्यांना मान्यता देण्याची भारतीय पद्धत सुरू झाली.

भारतीय पद्धत वेगळी का हवी? युरोपातील प्रमाणपत्र तेथील हवा आणि तेथील वीजजाळे गृहीत धरते. आपल्याकडे उष्णता जास्त, धूळ जास्त आणि त्या काळी वीज वारंवार जाई. वीज गेली की चक्कीला अचानक थांबावे लागते, आणि असा प्रत्येक थांबा यंत्रावर ताण टाकतो.

प्रमाणपत्र म्हणजे अभयवचन मात्र नव्हे. मार्च २००८ मध्ये पुण्याच्या सुझलॉन कंपनीने अमेरिकेत विकलेल्या चक्क्यांची १२५१ पाती मजबूत करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. काही पात्यांना तडे गेले होते. चाचणी नमुन्याची होते. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पात्यावर आणि उभ्या चक्कीवर लक्ष ठेवावेच लागते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. पुठ्ठ्याच्या दोन, तीन आणि सहा पात्यांच्या चक्क्या करून टेबलपंख्यापुढे ठेवाव्यात आणि मिनिटाचे फेरे मोजावेत. पंख्याचे अंतर आणि वेग प्रत्येक वेळी तोच हवा; मोजणाऱ्या दोन गटांचे आकडेही जुळायला हवेत. जुळले नाहीत तर का, याची चर्चा मुलांनीच करावी. प्रमाणक कशासाठी लागते, हे त्या चर्चेतून त्यांना कळेल.